सदरसाहेबांचा राज्यत्याग

रियाध,
३ डिसेंबर २०२५

प्यारी आपा,

अस्सलामु अलैकुम.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि तू कायम अंगणात. मी इकडून ‘हॅलो’ म्हणालो की अर्ध्या खारशेतकडून ‘वालेकुम सलाम’ येतो. म्हणून हे पाकीट. आमच्या कंपनीतला लांज्याचा प्रसाद सुटीवर येतोय, तो घरी आणून देईल. सोबत खजूर आहेत आणि तुझ्या गुडघ्यांसाठी मलम. मलम कुणी सुचवलं ते पुढे येईलच.

आपा, मी लग्न करायचं ठरवलंय.

तस्नीम जाऊन सहा वर्षं होतील. मुलगा उसामा कॅनडात त्याच्या संसारात. मलाझच्या तीन खोल्यांत मी आणि फ्रिज. फ्रिज निदान मधूनमधून आवाज करतो. तेवढ्यात माझा उजवा खांदा आखडला, हात छातीच्या वर जाईना, म्हणून इथल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपीला गेलो. तिथे मेहेक. वय सेहेचाळीस. दोनदा तलाक झालेला आहे. हे मीच आधी सांगतो, कारण बाकीचे तुला फक्त एवढंच सांगतील. आणि ती मिरजेची आहे. हो, घाटावरची. आता तू पाणी पी.

अडचण तुला ठाऊक आहे. रियाधमधल्या खारशेत जमातीचा मी अकरा वर्षं सदर. गावचा कुणी इकडे वारला तर मय्यत घरी पाठवण्यापासून गावच्या मशिदीच्या रंगापर्यंत सगळं माझ्या सहीनं. आणि जमातीचा ठराव असा, की सदराच्या घरात कोकणाबाहेरची बायको नको.

पण मी तोड काढलीय. दर वर्षी सालाना बैठकीत मी राजीनामा देतोच. ‘आता तरुणांनी पुढं यावं’ म्हणतो. तीन बुजुर्ग ‘तौबा, तौबा’ म्हणतात, आपला चुलत भाऊ उमैर, नायब सदर या नात्यानं, डोळे पुसतो, मी नाइलाजानं आणखी एक वर्ष पत्करतो, आणि मग बिर्याणी येते. यंदा राजीनाम्याला एक शेपूट जोडणार: मेहेकशी निकाह मान्य असेल तरच थांबेन. अकरा वर्षं ज्यांनी मला उठू दिलं नाही ते आता कसे उठू देतील?

मागच्या खेपेला विमानात आठव्या एडवर्डवरचा माहितीपट पाहिला. इंग्लंडचा राजा, दोन घटस्फोटवाल्या बाईसाठी गादी सोडली. आपा, मी जेवणाचा ट्रे परत केला. वाटलं, हे माझंच चाललंय. फरक एवढाच, की त्याला अडवणारे शहाणे लोक नव्हते. मला आहेत.

तू घराण्यातली सर्वांत मोठी. तुझ्या दोन ओळी आल्या तर बैठकीत वाचून दाखवीन. नव्या वर्षाचं जमातीचं कॅलेंडर छापून आलंय. माझा फोटो उजवीकडून घेतलाय. डावीकडून केस विरळ दिसतात.

तुझा,
अली

◆

खारशेत, जि. रत्नागिरी,
१२ डिसेंबर २०२५

खारशेतसम्राट अली परकार यांस,
आपाचा सलाम.

खजूर पोचले. मलम लावलं. मलम चांगलं आहे, म्हणजे बाईला काम येतं. तुझ्या पत्रातली एवढी एकच गोष्ट मला पडताळून पाहता आली.

आता तुझा राजा. नववीच्या वर्गाला मी आयुष्यभर इतिहास शिकवला, तू माझ्याच वर्गात मागच्या बाकावर झोपायचास, तेव्हा थोडं राहिलेलं आज सांगते. त्याला अडवायला कुणी नव्हतं हे तुला कुणी सांगितलं? त्याचा प्रधानमंत्री समजावून समजावून थकला. जानेवारीत तो गादीवर आला आणि डिसेंबरात उतरला. डोक्यावर मुकुट चढलाच नाही. राज्याभिषेकाची तारीख ठरलेली होती. गंमत बघ, ती तारीख कुणी रद्द केली नाही. त्याच तारखेला त्याच्या भावाला मुकुट घातला. मांडव तोच, माणूस दुसरा. उमैर यंदा नवीन कुर्ता शिवतोय असं त्याची आई सांगत होती.

आणि तुझ्या फोटोचं वाचून मला मोठ्यानं हसू आलं. त्यानंही नाण्यावर आपलं तोंड डावीकडेच वळलेलं हवं म्हणून हट्ट धरला होता, भांग चांगला दिसतो म्हणून. रिवाज उलटा होता. शेवटी ती नाणी बाजारात आलीच नाहीत. तेव्हा कॅलेंडर जपून.

तो ठराव कुणी आणला होता, आठवतं? शरफुद्दीन मुकादम सदर होता, त्याची बायको हैदराबादची. बिचारी सगळ्या जमातीला रमजानभर हलीम पाठवायची. तू हलीम खाल्लंस, बोटं चाटलीस आणि ठराव मांडलास. अशी तुला गादी मिळाली. तलाक झालेल्या बाईशी निकाह करायला आपल्या दीनमध्ये कुणाचीच मनाई नाही, अली. मनाई आहे ती तुझ्या सहीची.

तरी तुला दोन ओळी हव्यात, तर घे: ‘माझा भाऊ लग्न करतो आहे. बिर्याणी गार होऊ देऊ नका.’

आता शेवटचं. तुझ्या पत्रात फ्रिज आहे, राजा आहे, उमैरचे डोळेसुद्धा आहेत. मेहेक एकदाही तोंड उघडत नाही. ती काय म्हणाली?

नूरुन्निसा

◆

रियाध,
२१ डिसेंबर २०२५

प्यारी आपा,

मी गादी सोडली.

जसं घडलं तसं सांगतो, पण हे तुझ्या-माझ्यात ठेव. शुक्रवारी जुम्म्यानंतर शहराबाहेरचा इस्तिराहा भाड्यानं घेतला होता: हिरवळ, झोपाळे, बायकांचा वेगळा हॉल, मागे बिर्याणीच्या देगा. मी माइक घेतला. आपा, मी छान बोललो. ‘ज्या बाईच्या सोबतीशिवाय हा भार मला पेलणार नाही,’ असं म्हणालो. हे वाक्य थोडंफार त्या राजाचं आहे, पण इकडे कुणाला कळणार? मग राजीनामा पुढं केला आणि नजर खाली घालून ‘तौबा’ची वाट बघू लागलो.

पहिले बुजुर्ग नळावर हातपाय धुवायला, वजूला गेले होते. दुसऱ्यांच्या कानातल्या मशीनची बॅटरी संपली होती. तिसऱ्यांनी ‘तौ’ म्हणायला तोंड उघडलंच होतं, एवढ्यात हम्माद उठला. हम्माद म्हणजे खालच्या मोहल्ल्यातल्या अन्सारमियाँचा नातू, इंजिनियर, नुकताच आलाय, पहिलीच बैठक. म्हणाला, “सर, तुमच्या भावनेचा आदर करायला हवा. राजीनामा मंजूर करावा, अशी मी सूचना मांडतो.” माणूस जातो म्हणाला म्हणजे तो खरंच चाललाय, असं त्याला वाटलं! पुण्यात वाढलाय, दुसरं काय.

उमैर म्हणाला, “मंजूर असेल त्यांनी हात वर करा.” मी ‘थांबा’ म्हणायला हात वर केला. आपा, चार महिने जो हात छातीच्या वर जात नव्हता तो सरळ कानाला लागला. उमैर माइकवरून ओरडला, “बघा! सदरसाहेबांचाच हात पहिला!” मग काय, माझ्या इज्जतीसाठी सगळ्यांचे हात वर. तिसऱ्या बुजुर्गांचासुद्धा.

उमैर रडला. दर वर्षीपेक्षा बराच कमी. मग म्हणाला, ही जबाबदारी अचानक अंगावर आली, आणि कुर्त्याच्या खिशातून टाइप केलेलं भाषण काढलं. कॅलेंडरवर माझ्या फोटोवर लावायला त्याच्या फोटोचे स्टिकरही आले होते. इतक्या लवकर कसे छापून झाले ते मी विचारलं नाही. बिर्याणी मात्र गरम होती. तुझ्या दोन ओळी अक्षरशः पाळल्या गेल्या.

पण हरकत नाही. आज बत्ह्यापासून मलाझपर्यंत एकच चर्चा आहे: अलीसाहेबांनी मोहब्बतीपायी गादीवर लाथ मारली. न्हावी माझ्याकडून पैसे घेईना. मी कुणाचा गैरसमज दूर केलेला नाही. कशाला करू?

तू विचारलंस, मेहेक काय म्हणाली. तिला अजून विचारायचंय. आधी रस्ता मोकळा करावा आणि मग विचारावं, असा बेत होता. आता एवढा त्याग केल्यावर ती नाही कशी म्हणेल?

तुझा,
अली (माजी)

◆

रियाध,
४ जानेवारी २०२६

आदरणीय नूरुन्निसाआपा,

अस्सलामु अलैकुम.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमचे गुडघे ओळखते, मलमाच्या निमित्तानं. तुमचा पत्ता उमैरभाईंच्या बेगमकडून घेतला. त्या दर मंगळवारी कंबरेसाठी माझ्याकडे येतात. तुमच्या जमातीच्या निम्म्या बायका येतात. बैठकीत मी चालत नाही, पण कंबरेला चालते. तर बेगमसाहेबांनी पालथं झोपल्या झोपल्या मला सांगितलं, की एका राजानं माझ्यासाठी गादी सोडली. मी विचारलं, “कुठल्या?”

तुमच्या भावानं मला आजवर एकच प्रश्न विचारलाय: “दुखणं कधी थांबेल?” मी म्हणाले, व्यायाम केलात तर. तेवढा त्यांनी मन लावून केला. गुरुवारी माझी ड्यूटी संपली की आम्ही कँटीनमध्ये चहा घेतो. ते माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची अडवून ठेवतात आणि तिच्यावर कुणी बसायला आलं की खोकतात. एकदा मेट्रोनं बरोबर आले. बसायला जागा असताना उभं राहून मला सगळी स्टेशनं समजावून सांगितली, बहुतेक चुकीची. मी सहा महिन्यांपासून त्याच गाडीनं जाते, हे मी त्यांना सांगितलं नाही. आपा, तो माणूस मला आवडतो. हे तुम्हाला लिहिते आहे, त्यांना नाही.

कारण आता ते राजे झालेत.

माझ्या पहिल्या नवऱ्यानं माझ्यासाठी त्याच्या आईचं घर सोडलं. मी सांगितलं नव्हतं. पुढे सालनात मीठ कमी पडलं की ते घर ताटात यायचं. दुसऱ्यानं माझ्यासाठी दुबईची नोकरी सोडली. तेही त्यानंच ठरवलं. मिरजेत वीज गेली की दुबई निघायची. आणि मिरजेत वीज किती वेळा जाते ते तुम्हाला काय सांगू. लोक म्हणतात दोन तलाक झाले, बाईत काहीतरी खोट असणार. असेलही. पण ज्यानं माझ्यासाठी काही सोडलंय अशा माणसाच्या घरात राहणं मला दोनदा जमलेलं नाही. त्या दोघांनी घर आणि नोकरीच सोडली होती. इथे गादी आहे. ती तर रोज सकाळी चहाबरोबर निघेल.

तेव्हा त्यांनी विचारलं की मी नाही म्हणणार आहे. नुसतं नाही, कारण न देता. ते एवढं भाषण करून आलेत, त्यांना कारण दिलं तर त्याचंही भाषण होईल. तुम्ही मोठ्या आहात, आधी तुमच्या कानावर घालावं असं वाटलं.

गुडघ्यांखाली रात्री उशी ठेवू नका. बरं वाटतं, पण सांधे आखडतात.

आपली,
मेहेक मुजावर

◆

खारशेत,
१४ जानेवारी २०२६

अली,

आज मस्करी कमी करते, तेव्हा नीट वाच.

मेहेकचं पत्र आलंय. तुला दाखवणार नाही, कारण ते मला आलंय. मी एवढंच सांगते, की तू आज तिच्यापुढं त्यागाची शाल पांघरून गेलास तर तशीच शाल पांघरून परत येशील. ती नाही म्हणणार आहे. का, ते विचारू नकोस. तुझ्या फ्रिजला विचार, त्याच्याबरोबर उरलेलं आयुष्य काढायची तयारी आहे का.

आता मला सांग, तू तिच्यासाठी नेमकं काय सोडलंस? तू खुर्चीला दोन्ही हातांनी धरून बसला होतास. एक हात चुकून सुटला, तो वर गेला आणि उमैरनं मोजला. याला राज्यत्याग म्हणत नाहीत, अली. याला पडणं म्हणतात. त्या राजाचं काय चुकलं आणि काय बरोबर ते इतिहासवाले बघतील, पण त्यानं गादी सोडायची म्हणून सोडली, आणि बाईला आधी विचारून ठेवलं होतं. तू त्याचं फक्त वाक्य उचललंस.

तर जा आणि तिला खरं सांग. हम्मादचं सांग. बॅटरीचं सांग. हाताचं तर आधी सांग. दुसऱ्या कुठल्याही बाईपुढं हे ऐकवायची लाज वाटली असती. या बाईपुढं तुझ्याजवळ दुसरं काही चांगलं नाहीच.

मला ठाऊक आहे, तुला जड जाणार. मलाही जातंय. गावात सध्या बायका माझ्याकडं बघून उसासे टाकतात. काल मच्छीवालीनं तुझ्या मोहब्बतीवर दोन बांगडे जास्त घातले. सम्राटाची बहीण म्हणून मिरवायला या वयात पहिल्यांदा मिळालं होतं. तरी सांगतेय, मोड ते सगळं.

आपा

◆

रियाध,
२५ जानेवारी २०२६

आपा,

गुरुवारी गेलो. तिची खुर्ची अडवली. ती आली, बसली, माझ्याकडे न बघता म्हणाली, “सदरसाहेब, काय ते बोलून टाका.” तोंडात उत्तर तयार असलेल्या माणसाचा आवाज असतो ना, तसा.

मी म्हणालो, “मेहेक, मी तुमच्यासाठी काहीही सोडलेलं नाही.”

तिनं वर बघितलं. “म्हणजे?”

मग सगळं सांगितलं. दर वर्षीचा राजीनामा, शेपूट, वजू, बॅटरी, हम्माद. ठराव माझाच होता हेही सांगितलं, आणि हलीमचंही. हाताशी आलो तेव्हा तिनं कप खाली ठेवला.

“कुठवर गेला?”

“कानापर्यंत.”

“कोपर वाकलं होतं?”

“अजिबात नाही.”

“दुखला?”

“नाही. तेव्हा नाही.”

आपा, ती हसायला लागली. तोंडावर रुमाल धरला तरी थांबेना. चहा सांडला. शेजारच्या टेबलावरच्या दोन फिलिपिनो नर्सही हसायला लागल्या, कशाला ते ठाऊक नसताना. मी बसून राहिलो. अकरा वर्षं लोक माझ्या विनोदांवर हसायचे. असं हसताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर म्हणाली, “पुन्हा म्हणा.”

“हाताचं?”

“नाही. ते पहिलं.”

“मी तुमच्यासाठी काहीही सोडलेलं नाही.”

“आणि सोडणार?”

“खुर्ची परत मिळाली तर बसेन,” मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

मग विचारलं. साध्या शब्दांत, बसल्या बसल्या. तिनं एक अट घातली, की त्या इंग्लंडच्या राजाचं नाव घरात काढायचं नाही. तिचे अब्बा थकलेत, त्यामुळे निकाह मिरजेला, १३ फेब्रुवारीच्या शुक्रवारी. मला सुटी मिळालीय, परत यायच्या व्हिसाचंही झालंय.

जुम्म्याला मशिदीबाहेर जमातीतल्या लोकांनाही खरं सांगून टाकलं. कुणाचाच विश्वास बसला नाही. “बघा, किती नम्र माणूस,” म्हणाले. न्हावी अजून पैसे घेत नाही.

उमैरचा निरोप आलाय, की जमातीतर्फे निकाहाला कुणी येणार नाही. ठराव आहे, शिवाय घाट लागतो. हम्माद येतोय. त्याचीही सुटी तेव्हाच आहे, पुण्याहून जवळ पडतं म्हणाला. काल माझ्या खोलीवर येऊन खालच्या मानेनं म्हणाला, “सर, तो रिवाज होता हे मला कुणी सांगितलंच नाही.” त्याला साक्षीदार करणार आहे. मंजूर म्हणायची त्याला सवय आहे.

उसामानं मुबारकबाद कळवलीय. घरचं दुसरं कुणी असेल असं वाटत नाही. तुला प्रवास झेपत नाही, मी धरून चालत नाही.

अली

◆

खारशेत,
३ फेब्रुवारी २०२६

अली,

कॅलेंडर पोचलं. स्वयंपाकघरात लावलं. आपल्या खाडीची दमट हवा तुला ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी उमैर कोपऱ्यातून सुटला, पाचव्या दिवशी चुलीमागं पडला. खाली तू आहेस, उजवीकडून.

काल उमैरची आई विचारायला आली होती, की घाटावरची बाई तांदळाच्या भाकऱ्या करील का. मी म्हटलं, तिनं तुझ्या सुनेची कंबर सरळ केली, भाकरीचं बघू.

आता मिरजेचं. तुझ्या त्या राजाच्या लग्नाला त्याच्या घरचं कुणी गेलं नव्हतं. भाऊ नाहीत, बहीण नाही, आई नाही. (मेहेकच्या अटीत मी येत नाही, मी अजून तिच्या घरात नाही.) हे मी वर्षानुवर्षं पोरांना सांगायची आणि पोरं तारीख लिहून घ्यायची. मला मात्र दर वेळी त्या बहिणीचा राग यायचा.

बुधवारची गाडी ठरवलीय. आंबा घाटात मला उलट्या होतात, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. गुडघे दुमडून पाच तास बसायचं आहे. वर कोल्हापूरला एक मुक्काम, म्हणजे त्यांचा तो तांबडा रस्सा. हे सगळं मी तुझ्यासाठी करतेय, आणि तू जिवंत असेपर्यंत तुला ऐकवणार आहे, ईदला, बकरीदला आणि अधूनमधून फोनवर, स्पीकर चालू ठेवून. मेहेकला सांगून ठेव, तिच्या अटी नवऱ्याला लागू आहेत. मी आपा आहे.

भाषण करू नकोस. आणि काझी विचारतील तेव्हा हात खाली ठेवून ‘कबूल’ म्हण.

नूरुन्निसा